कुलपावरची गोळी

घरफोडीची मराठी बातमी वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघत आली आहे. घर बंद असल्याची संधी साधून अज्ञात चोरट्यांनी ‘कडी-कोयंडा तोडून’ आत प्रवेश केला. कधी तोडून, कधी उचकटून; पण कडी-कोयंडा हवाच. हा जोडशब्द आपण इतक्यांदा वाचलेला असतो की त्यातला अर्थ जाणवेनासा होतो. चोराने कुलूप उघडलं नाही, त्याच्या वाटेलाही गेला नाही. ज्या लोखंडी पट्टीत ते अडकवलं होतं तिच्याखाली कटावणी घातली आणि जोर लावला. पंचनाम्याच्या वेळी कुलूप बऱ्याचदा तसंच बंद असतं, उखडलेल्या कोयंड्यासकट दाराला लोंबकळत.

सिनेमात मात्र कोयंडा नावाची वस्तूच नसते. गोदामाचा दरवाजा, त्याला हातभर साखळी, साखळीला मूठभर कुलूप. आत कुणीतरी कोंडलेलं, बाहेर नायक. तो दोन पावलं मागे सरतो, पिस्तूल काढतो, आवाज होतो, ठिणगी उडते आणि कुलूप पिकल्या आंब्यासारखं गळून पडतं. किल्ली शोधणं नाही, हातोडा मागवणं नाही. हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की खरं मानून बसलोय. पण हे दृश्य आलं कुठून? आणि गोळीने कुलूप खरंच उघडतं का? दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण पहिल्याचा माग काढत गेलं की दुसऱ्याचं उत्तर वाटेतच सापडतं.

सुरुवात दारूगोळा आणि दरवाजा यांच्या जुन्या वैरापासून करायला हवी. ‘कुलूप’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मूळचा ‘कुफ्ल’, मराठीच्या तोंडी अक्षरांची जागा बदलून कुलूप झाला. किल्ल्याचा महादरवाजा काही कुलपाच्या जिवावर उभा नसे. त्याचा भार अडसरावर, म्हणजे दाराच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींत शिरणाऱ्या जाडजूड लाकडी तुळईवर. बाहेरून नेम धरायला तिथे काही नसेच. त्यामुळे दरवाजा फोडायचा तर हत्ती, सुरुंग किंवा तोफ.

तोफही दर वेळी पुरी पडत नसे. ४ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकच्या फौजेने अलीगडचा किल्ला घेतला. किल्ला दौलतराव शिंद्यांचा, आतला किल्लेदार फ्रेंच. इंग्रजांना एकामागोमाग चार दरवाजे ओलांडायचे होते. पहिल्या दरवाजाशी तोफ आणली, अगदी जवळून चार-पाच बार काढले, तेव्हा कुठे तो फुटला. तोवर वरून होणाऱ्या माऱ्यात माणसं पडत राहिली. अखेरच्या दरवाजापाशी तोफेने हातच टेकले. शेवटी मेजर मॅक्लाउड दिंडी दरवाजातून, म्हणजे महादरवाजातल्या त्या छोट्या झडपेतून आत घुसला आणि किल्ला पडला. फळी अभेद्य होती, पण तिच्या शेजारी एक नाजूक जागा होती. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे तिची गरज पडणार आहे. योगायोग असा की तेच अलीगड पुढे ‘तालानगरी’ म्हणून, हिंदुस्थानभर कुलपं पुरवणारं गाव म्हणून नावारूपाला आलं.

कुलपाची स्वतःची कहाणी मात्र बळाची नाही, चिकाटीची आहे. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने इंग्रजांचा अभिमान असलेली दोन कुलपं उघडून दाखवली. चब कंपनीचं कुलूप त्याने पंचवीसेक मिनिटांत उघडलं. ब्रामाचं कुलूप उघडणाऱ्याला दोनशे गिनींचं बक्षीस होतं आणि कित्येक वर्षं ते कुणालाही मिळालं नव्हतं. हॉब्स त्याच्याशी सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास झुंजला आणि ते उघडलं. एकावन्न तास! कल्पना करा, सिनेमाचा नायक एकावन्न तास दारापाशी वाकून बसलाय. कुलूप उघडण्याची खरी कला पडद्याच्या कामाची का नाही, ते या एका आकड्यात आलं.

पण पिस्तुलांच्या मुलखात, अमेरिकेच्या पश्चिमेत, तरी लुटारू कुलपांवर गोळ्या झाडत होते का? वेल्स फार्गो कंपनीचा ऐवज घोडागाडीतून जायचा तो लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या लाकडी पेटीतून. १८७५ ते १८८३ या काळात ‘ब्लॅक बार्ट’ या टोपणनावाच्या लुटारूने कॅलिफोर्नियात या गाड्या पुन्हा पुन्हा लुटल्या. त्याच्या हातात दुनळी बंदूक असे, पण लुटीत त्याने ती कधीच चालवली नाही. बंदूक गाडीवानाला दाखवायला. पेटी फोडायला कुऱ्हाड. ज्याचा धंदाच पेट्या फोडण्याचा, त्याला कुठलं हत्यार कशासाठी हे नेमकं ठाऊक होतं. बंदूक माणसावर चालते, लाकूड-लोखंडाला कुऱ्हाड लागते.

सिनेमालाही आरंभी हे ठाऊक होतं, ही या शोधातली सगळ्यात मजेची गोष्ट. १९०३ साली एडविन पोर्टरने ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट काढला. पुढच्या सगळ्या वेस्टर्न चित्रपटांचा तो पूर्वज मानला जातो. त्यात टपालाच्या डब्यातला रखवालदार दरोडेखोरांची चाहूल लागताच तिजोरीच्या पेटीला कुलूप घालतो आणि किल्ली चालत्या गाडीबाहेर भिरकावतो. दरोडेखोर त्याला गोळी घालतात, त्याचे खिसे चाचपतात, किल्ली काही मिळत नाही. मग? त्यांच्या हातात पिस्तुलं आहेत, गोळ्या आहेत, समोर कुलूप आहे. तरी ते कुलपावर गोळी झाडत नाहीत. डायनामाइट लावून पेटी उडवतात. याच चित्रपटाच्या शेवटी एक दरोडेखोर कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट प्रेक्षकांवर पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. तेव्हा पडद्यावर बंदुकीची हौस कमी होती असं नाही. पण पेटी आणि पिस्तूल यांची गाठ कुणी घातली नव्हती.

ती गाठ पडायला दोन गोष्टी कारण झाल्या असाव्यात असं मला वाटतं. एक, घाई. बोलपट आला, कथा लांबल्या, पाठलाग वाढले. बंद दार ही कथेतली अडचण खरी, पण प्रेक्षकाचा जीव त्या दारात नसतो, दाराच्या पलीकडे असतो. तो अडथळा दिसायला हवा आणि दिसताक्षणी दूरही व्हायला हवा. दुसरी गोष्ट नियमांची. १९३० मध्ये हॉलिवूडच्या निर्मात्यांनी स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. ‘हेज कोड’ म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात स्पष्ट कलम होतं की गुन्ह्याची रीत तपशिलात दाखवायची नाही. चोरी, तिजोरी फोडणं, सुरुंगाने गाड्या किंवा इमारती उडवणं, यांपैकी कशाचीही कृती प्रेक्षकाला शिकवल्यासारखी पडद्यावर येता कामा नये. बंदुकीचा वापरही जरुरीपुरताच ठेवा असं ती सांगत होती, पण बंदूक काही हद्दपार झाली नाही. म्हणजे कटावणी कुठे घालायची, तारेचा आकडा कसा फिरवायचा हे दाखवायची चोरी. त्यापेक्षा एक गोळी झाडून मोकळं होणं सोपं, कारण त्यातून कुणी काही शिकण्यासारखं नव्हतं. ते खोटंच होतं!

आणि पडद्यावरचं खोटं पटावं अशी बंदुकीची पत तोवर तयार झालेली होती. १९३१ च्या ‘द पब्लिक एनिमी’ या गुंडपटात जेम्स कॅग्नी एका कोपऱ्यावरून वळतो आणि पाठोपाठ मशीनगनच्या गोळ्या त्या भिंतीचे टवके उडवतात. त्या गोळ्या खऱ्या होत्या. सेटवर खरोखरचा नेमबाज बसवलेला होता. पुढे अशा जीवघेण्या कसरतींची जागा विजेच्या तारेने उडवायच्या चिमुकल्या स्फोटकांनी घेतली. कुलपाचं दृश्य अशा युक्तीवरच बेतलं जातं. कुलूप आतून आधीच खिळखिळं केलेलं, पोटात चिमूटभर स्फोटक, नायकाच्या पिस्तुलात कोरं काडतूस. आवाज पिस्तुलाचा, ठिणगी कुलपाची, आणि दोन्हींची वेळ जुळवणारा माणूस कॅमेऱ्यामागे. पडद्यावर कुलूप गोळीने उघडत नाही, कुणीतरी बटण दाबल्यावर उघडतं.

गंमत म्हणजे, हॉलिवूड जेव्हा गुंडपटांचे पहिले धडे गिरवत होतं तेव्हाच पडद्याबाहेर एक फार मजबूत कुलूप घडत होतं. मिलवॉकी शहरात हॅरी सोरेफ या कारागिराने १९२१ मध्ये ‘मास्टर लॉक’ कंपनी काढली. पोलादाचा एकसंध ठोकळा घेण्याऐवजी पातळ पोलादी पत्रे एकावर एक रचून रिव्हेटने घट्ट आवळायचे, अशी त्याची युक्ती. तिजोऱ्यांचे दरवाजे आणि लढाऊ जहाजांची कवचं अशीच थराथरांची असत. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती आणि चोरटे गुत्ते बंद करून त्यांना टाळं ठोकणं हा सरकारचा रोजचा उद्योग. १९२८ मध्ये न्यू यॉर्कच्या दारूबंदी अधिकाऱ्यांसाठी या कंपनीने एका खेपेत १,४७,६०० कुलपं धाडली. म्हणजे ज्या गुंडांच्या कथा पडद्यावर गोळ्यांनी कुलपं उडवणार होत्या, त्यांच्याच गुत्त्यांवर ही पत्र्यांची कुलपं लटकत होती.

पुढे याच कंपनीने सिनेमाचा डाव उलटवला. १९७४ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, सारा देश टीव्हीसमोर बसलेला असताना तिची जाहिरात झळकली. एक नेमबाज दुरून रायफलने कुलपावर गोळी झाडतो. गोळी कुलपाच्या आरपार जाते, पोलादाला भगदाड पडतं, पत्रे फाटून वाकतात. आणि कुलूप बंदच राहतं. ही जाहिरात पुढे वर्षानुवर्षं चालली आणि गोळी खाल्लेलं कुलूप ही कंपनीची ओळख झाली. त्या भगदाडाचा परिणाम व्हायचं कारण उघड आहे. प्रेक्षकाच्या मनात सिनेमाने आधीच पक्कं केलेलं होतं की गोळी लागली की कुलूप उघडतं. त्या समजाशिवाय ही जाहिरात निव्वळ लोखंडाची नासाडी ठरली असती.

आता ते कुलूप का उघडत नाही ते पाहू. साध्या टाळ्याच्या वरच्या वाकड्या कडीला आतल्या टोकाशी खाच असते. त्या खाचेत एक खटका शिरून बसतो. खटक्याला जागचं हलू न देण्याचं काम आतल्या पट्ट्यांचं किंवा खिळ्यांचं. किल्ली फिरली की त्या सगळ्या एका रेषेत येतात, खटका मागे सरतो आणि कडी वर उसळते. म्हणजे कुलूप उघडायचं तर खटक्याने खाचेतून बाहेर यायला हवं, आणि तेही नेमक्या एका दिशेने. बाहेरून घुसणाऱ्या गोळीला हे कोण सांगणार? बहुतेक गोळ्यांच्या पोटात शिसं असतं, पोलादापुढे मऊ. धडकताच ती चपटी होते, पट्ट्या वाकवते, खटका खाचेत आणखी ठासून बसवते आणि स्वतः त्या खळग्यात चिकटून राहते. आता खरी किल्ली आणली तरी फिरणार नाही. गोळी किल्लीची जागा घेत नाही; किल्लीची वाट बुजवते.

आकड्यांनी हे जास्त स्पष्ट होईल. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. तिची ऊर्जा ५०० जूलच्या घरात. लोहाराने एक किलोचा हातोडा सेकंदाला १० मीटर वेगाने मारला तर ऊर्जा अवघी ५० जूल. म्हणजे गोळी दसपट जोरकस? ऊर्जेत होय, रेट्यात नाही. वस्तुमान गुणिले वेग केलं तर गोळीचा रेटा तीनच्या खाली राहतो आणि हातोड्याचा दहा. गोळी भोक पाडते, हातोडा जागचं हलवतो. खटका खाचेतून सुटायला हलवणं लागतं, भोक नव्हे. त्यात कुलूप लोंबकळतं असेल तर धक्का बसताच ते झोका घेतं आणि उरलासुरला जोरही वाया घालवतं.

रायफलची गोष्ट निराळी. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’ची गोळी ११ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या जवळ, ऊर्जा तीन हजार जूलच्या वर. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाने हा प्रयोग केला तेव्हा असाच निकाल लागला. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्यापुढे कुलपं टिकली. लष्करी रायफल आणि एकसंध शिशाचा गोळा सोडणारी शॉटगन यांनी मात्र त्यांच्या चिंधड्या केल्या. पण त्या चिंधड्या नुसत्या खाली पडल्या नाहीत, चौफेर उडाल्या. प्रयोग करणारे आडोशाला होते म्हणून बरं. सिनेमातला नायक हातभर अंतरावर उभा असतो, नायिका त्याच्या खांद्याला टेकून. खऱ्या प्रसंगात पहिला तुकडा त्यांच्याच तोंडावर येईल. म्हणून उत्तर असं : पिस्तुलाने चांगलं कुलूप उघडत नाही, पातळ पत्र्याचं स्वस्त कुलूप कधीकधी फुटतं, रायफलने फुटू शकतं, आणि जवळ उभं राहून असं करणं हा शुद्ध वेडेपणा.

मग ज्यांना खरोखर गोळी घालून दार उघडावं लागतं ते काय करतात? ओलीस सोडवणाऱ्या कमांडो पथकांना हे काम करावं लागतं आणि ते बारा बोअरच्या शॉटगनने करतात. पण त्यासाठीचं काडतूस वेगळं. त्यात शिशाच्या गोळ्याऐवजी धातूची दाबून बसवलेली भुकटी असते. दारावर आदळताना ती घणासारखी बसते आणि लगेच विरून जाते, म्हणजे पलीकडच्या ओलिसाला लागत नाही. नळी दाराला जवळजवळ टेकवलेली असते. आणि नेम? नेम कुलपाच्या छातीवर नसतो. तो बिजागरीवर असतो, किंवा कुलूप आणि चौकट यांच्या मधल्या लाकडावर, जिथे बोल्ट चौकटीत शिरतो तिथे. १९८० च्या दशकात अमेरिकेत रायफलच्या नळीखाली बसवायची आखूड शॉटगन याच कामासाठी बनली. तिचं नाव काय ठेवलं? ‘मास्टरकी’. जिला कुलपाशी काही घेणंदेणं नाही, जी दाराचं लाकूड फोडते, तिला म्हणायचं सर्व कुलपांची किल्ली.

सिनेमाने यातून धडा घेतला नाही. उलट कुलपं बदलली तशी त्याने ही युक्ती पुढच्या पिढीला सुपूर्त केली. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ल्यूक स्कायवॉकर दारालगतच्या बटणांच्या फळीवर किरण झाडतो आणि दार बंद होतं, मग कळतं की दरीवर पूल आणणारी कळही त्याच फळीत होती आणि तीही गेली. हा विनोद विज्ञानाच्या फार जवळचा आहे. विजेचं कुलूप दोन प्रकारचं असतं. चुंबकाने धरून ठेवलेलं दार वीज जाताच सुटतं, तर खटका ओढायला ज्याला वीज लागते ते दार वीज गेली की बंदच राहतं. फळी फोडल्यावर दार उघडेल की अडकेल हे गोळीवर नाही, दार बसवणाऱ्याने आग लागल्यास काय व्हावं याचा विचार कसा केला होता त्यावर ठरतं. ल्यूकनंतरच्या असंख्य नायकांच्या गोळीने मात्र कथेला हवं तसं दार उघडलंही आणि बंदही केलं. २००७ च्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’मधला खुनी तर पिस्तूलही बाजूला ठेवतो. कत्तलखान्यात जनावराला बेशुद्ध करायची, हवेच्या दाबाने चालणारी नळी तो कुलपाच्या किल्लीच्या भोकाशी टेकवतो आणि आतला सिलिंडर थेट खोलीत उडवतो. हत्यार बदललं; कुलपाच्या छातीवर नेम धरण्याचा हट्ट तोच.

हा हट्ट का सुटत नाही? कारण सिनेमाला कुलूप उघडायचंच नसतं, वेळ कापायचा असतो. हॉब्सचे एकावन्न तास, अलीगडच्या पहिल्या दरवाजापाशी माणसं पडत असताना गेलेला वेळ, कटावणी घेऊन घाम गाळणारा माणूस, हे सगळं पडद्याला नको असतं. त्याला एक आवाज हवा, आणि त्या आवाजानंतर पलीकडची खोली. कुलपावरची गोळी ही संकलकाची कात्री आहे, तिला पिस्तुलाचा मुखवटा घातलाय एवढंच. म्हणून ती शंभरदा खोटी ठरवली तरी मरत नाही. भौतिकशास्त्राचा तिच्याशी संबंधच नाही.

मात्र ज्यांना खरंच आत शिरायचं असतं त्यांचा माग पाहिला तर सगळे एकाच ठिकाणी पोचलेले दिसतात. मॅक्लाउड दिंडीतून शिरला. ब्लॅक बार्टने पेटीवर कुऱ्हाड चालवली. कमांडो बिजागरी पाडतात. आणि आमच्या बातमीतला अज्ञात चोरटा घर बंद असल्याचं पाहून कडी-कोयंडा उचकटतो. म्हणून नवं घर घेतल्यावर हजार-दोन हजारांचं भक्कम कुलूप आणून दाराला लावलंत, तर एकदा कोयंड्याचे स्क्रूही पाहा. ते अर्ध्या इंचाचे असतील आणि चौकटीच्या मऊ लाकडात घुसवलेले असतील, तर उद्या सकाळी पोलीस येतील तेव्हा कुलूप शाबूत असेल. बंदच.